जॉन ओडोनोव्हन : गांवांच्या नांवांचा व कुळांच्या मुळांचा शोधक

आपले पूर्वज कोण होते व ते कोणत्या गांवीं नांदले, हा प्रश्न मनुष्याच्या मनांत केव्हांना केव्हां उत्पन्न होतोच. ज्यांचें घर पिढ्यान्‌पिढ्या एकाच गांवांत आहे त्यांस तो फारसा छळीत नाहीं. परंतु ज्यांच्या वाडवडिलांस दुष्काळामुळें वा दारिद्र्यामुळें देशत्याग करावा लागला, त्यांच्या वंशजांस तो स्वस्थ बसूं देत नाहीं. आयर्लंडच्या नशिबीं असा देशत्याग फार आला. म्हणूनच अमेरिकेंत व ऑस्ट्रेलियांत वाढलेल्या आयरिश कुळांतील माणसें आपल्या मूळ गांवाचा माग काढीत त्या देशांतील आडबाजूच्या खेड्यांत येतात. त्यांची ही वाट ज्या एका शेतकऱ्याच्या मुलानें पुष्कळ सुकर करून ठेविली, त्या जॉन ओडोनोव्हन या पंडिताचें चरित्र आम्ही येथें वाचकांस सादर करीत आहों.

जॉनचा जन्म १८०६ सालीं आयर्लंडच्या दक्षिण भागांतील किल्केनी जिल्ह्यांत, किल्कोलम पॅरिशमधील अटाटीमोर या वाडीवर झाला. पॅरिश म्हणजे मूळचा एका चर्चच्या देखरेखीखालील वाड्यांचा समूह होय. जॉनचा पिता एडमंड हा शेतकरी होता. त्याचे पूर्वज सतराव्या शतकांत कॉर्क जिल्ह्यांतून येथें आले, अशी कुळांतील समजूत होती. आयरिश आडनांवांतील मॅक याचा अर्थ पुत्र व ओ याचा अर्थ नातू किंवा वंशज असा आहे. त्याप्रमाणें ओडोनोव्हन हें नांव दहाव्या शतकांत होऊन गेलेल्या एका अधिपतीच्या नांवावरून चालत आलेलें आहे.

१८१७ सालीं एडमंड मृत्युशय्येवर पडला. मुलांस देण्याजोगें द्रव्य त्याच्यापाशीं नव्हतें. त्यानें त्यांस जवळ बोलावून आपली वंशावळ पुनःपुन्हां म्हणून दाखविली, आणि ती सदैव ध्यानांत ठेवण्याविषयीं वडील मुलास बजावून सांगितलें. जॉन त्या वेळीं अवघ्या अकरा वर्षांचा होता. पुढें पॅट्रिक नांवाच्या चुलत्याच्या तोंडून जुन्या कथा ऐकून त्याची ही आवड अधिकच वाढली. पित्यानें मुलांच्या पदरांत घातलेलें हें धन जॉननें कसें वाढविलें, हेंच त्याच्या पुढील आयुष्याचें सार होय.

तरुणपणीं ओडोनोव्हन डब्लिन शहरीं आले, व जुन्या हस्तलिखितांच्या नकला करून पोट भरूं लागले. १८२८ सालीं त्यांनीं सरकारी मोजणी खात्यांतील लार्कम नांवाच्या अधिकाऱ्यास आयरिश भाषा शिकविली. हीच ओळख पुढें त्यांच्या भाग्योदयास कारण झाली. त्या सुमारास साऱ्या आयर्लंडचे नकाशे मैलास सहा इंच या प्रमाणावर तयार होत होते. या मोजणीची रीत पाहण्यासाठीं जॉर्ज एव्हरेस्ट हे १८२९ सालीं आयर्लंडास गेले होते, व तेथील धर्तीचे धातूचे मापदंड पुढें हिंदुस्थानच्या मोजणींतही वापरण्यांत आले.

जमीन मोजणें यंत्रांनीं साधलें, परंतु गांवांचीं नांवें लिहिण्याचा प्रश्न यंत्रांस सुटणारा नव्हता. आयर्लंडमध्यें टाउनलंड म्हणजे लहान लहान वाड्या ६०,००० हून अधिक आहेत. त्यांचीं नांवें आयरिश भाषेंतील. तीं लिहिणारे कारकून, जमीनदार व मोजणीदार इंग्रजी वळणाचे. त्यामुळें एकाच वाडीचें नांव निरनिराळ्या दप्तरांत निरनिराळ्या रीतीनें लिहिलेलें आढळे. हा गोंधळ निस्तरण्याच्या कामीं १८३० सालीं ओडोनोव्हन यांची नेमणूक झाली.

त्यांची कामाची पद्धति विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे. प्रत्येक वाडीच्या नांवाचीं जितकीं रूपें मिळतील तितकीं एका वहींत टिपलीं जात. तेवढ्यावर विसंबून न राहतां ओडोनोव्हन स्वतः त्या पॅरिशमध्यें जात. आयरिश बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसांस गांठून ते त्यांच्या तोंडून नांवाचा उच्चार ऐकत, व मग त्याचें मूळ रूप आणि अर्थ ठरवीत. किल हाच शब्द घ्या. कित्येक गांवांच्या नांवांत तो प्रारंभीं येतो. परंतु कोठें त्याचें मूळ चर्च या अर्थाच्या शब्दांत असतें, तर कोठें रान या अर्थाच्या शब्दांत. इंग्रजी लेखनांत दोहोंचें रूप एक होऊन जातें. खरा भेद स्थानिक उच्चारांतच उरतो. तो ऐकणारा कोणी न जाता, तर रानास चर्च व चर्चास रान म्हणण्याचा प्रमाद सहज घडता.

१८३४ पासून पुढें कांहीं वर्षें ते जिल्ह्यामागून जिल्हा पायीं हिंडले. पाऊस, चिखल व गैरसोयीचीं मुक्कामाचीं ठिकाणें यांची पर्वा न करितां, पाहिलेलें व ऐकलेलें सारें ते पत्रांतून डब्लिनच्या कचेरीस कळवीत. पडक्या देवळांचीं, किल्ल्यांचीं व थडग्यांचीं वर्णनें आणि कोणतें कुळ कोणत्या भागांत राहत होतें याची माहिती त्या पत्रांत आहे. तीं आज डब्लिनमधील रॉयल आयरिश अकॅडमींत जतन केलेलीं आहेत. या कामांत त्यांचे साडू यूजीन ओकरी हेही मोठे विद्वान म्हणून प्रसिद्धीस आले.

पुढें आयरिश कुळांच्या वंशावळींचे ग्रंथ त्यांनीं संपादिले, आणि १८४५ सालीं आयरिश भाषेचें व्याकरण प्रसिद्ध केलें. त्यांची सर्वांत मोठी कृति म्हणजे फोर मास्टर्स यांच्या बखरीची आवृत्ति होय. ही बखर डोनेगल जिल्ह्यांत १६३२ ते १६३६ या काळांत रचिली गेली होती. ओडोनोव्हन यांनीं तिचा मूळ पाठ, भाषांतर व विस्तृत टीपा १८४८ ते १८५१ या वर्षांत छापून प्रसिद्ध केल्या. बखरींत आलेलें स्थळ आज कोणत्या पॅरिशमध्यें आहे व त्यांतील कुळाचे वंशज कोठें आहेत, हें त्या टीपांत सांगितलें आहे. पित्यानें सांगितलेल्या आपल्या कुळाची हकीकतही त्यांनीं पुरवणींत दिली.

ही बखर छापली जात असतांच देशावर महासंकट कोसळलें होतें. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून भयंकर दुष्काळ झाला. सुमारें १० लक्ष माणसें मेलीं व तितकींच परदेशीं निघून गेलीं. ज्या वृद्धांच्या तोंडून ओडोनोव्हन यांनीं नांवें ऐकलीं, त्यांच्यासारखीं हजारों माणसें त्या चार-पांच वर्षांत नाहींशीं झालीं. दहा वर्षांचा विलंब होता, तर विचारावें कोणास, असा प्रसंग पुष्कळ वाड्यांत आला असता. नकाशांवर नांवें इंग्रजी वळणानें छापलीं गेलीं, याबद्दल मागाहून पुष्कळांनीं दोष दिला आहे, व तो सर्वस्वी निराधार नाहीं. तथापि मूळ आयरिश रूपें वह्यांत उतरून ठेविलेलीं होतीं, म्हणूनच तीं आज पुन्हां शोधतां येतात.

पुढें बेलफास्ट येथील क्वीन्स कॉलेजांत ते केल्टिक भाषांचे अध्यापक झाले. १८५२ पासून प्राचीन आयरिश कायद्यांचें संपादनही त्यांजकडे सोंपविण्यांत आलें. परंतु अतिश्रमानें व संधिवाताच्या ज्वरानें देह थकला होता. तो ग्रंथ छापून निघण्यापूर्वींच, १८६१ सालच्या डिसेंबरांत, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं डब्लिन येथें त्यांचें देहावसान झालें.

१९२२ सालच्या यादवींत डब्लिनच्या सरकारी दप्तरखान्यास आग लागली, आणि एकोणिसाव्या शतकांतील जुन्या खानेसुमारीचे बरेच कागद व पुष्कळ चर्चांच्या नोंदवह्या भस्म झाल्या. तेव्हांपासून पूर्वजांचा शोध घेणाऱ्यांस गांवोगांव राहिलेल्या बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदी, १८४७ ते १८६४ या काळांत झालेल्या जमिनींच्या आकारणीच्या याद्या, आणि वाड्यांचीं नांवें यांवरच मुख्यतः भिस्त ठेवावी लागते. एकाच नांवाचीं दहा माणसें एका पॅरिशमध्यें सांपडतात. त्यांतून आपला पणजा ओळखावयाचा तर वाडीचें नांव ठाऊक पाहिजे. परदेशीं गेलेल्या आजीच्या बोलण्यांतून उरलेलें तें अर्धेंमुर्धें नांव हातीं घेऊन वंशज येतो, आणि ओडोनोव्हन यांच्या वह्यांत त्याचें खरें रूप त्यास गवसतें.

मरतांना पित्यानें मुलांस केवळ कांहीं नांवें दिलीं. त्या नांवांचा नुसता अभिमान न मिरवितां, तीं पारखून घेण्याची विद्या मुलानें संपादिली, व तिचा लाभ आपल्याच कुळापुरता न ठेवतां साऱ्या देशास दिला. आमच्या विद्यार्थ्यांनीं यांतून घेण्याजोगा बोध सोपा आहे. घरांतील वृद्ध मंडळी हयात आहेत तोंवर त्यांजपाशीं बसावें, त्यांस आदरानें विचारावें, आणि तीं जें सांगतील तें त्याच दिवशीं वहींत लिहून ठेवावें.