भाषांची हजेरी घेणारा साहेब

सर जॉर्ज अब्राहम ग्रियर्सन हे नाव स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या आपल्या सीनियर्सना नक्की माहीत असेल. भारतातल्या भाषांचं पहिलं मोठं सर्वेक्षण कोणी केलं, या प्रश्नाचं ते उत्तर. एक मार्क मिळतो आणि विषय संपतो. मला मात्र कळलं की हे गृहस्थ मुळात गणिताचे विद्यार्थी होते, आणि मग माझं कुतूहल जागं झालं. आमच्या ब्रँचमध्ये भाषा या विषयाकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. इथे तर एक गणितवाला माणूस तीस-पस्तीस वर्षं फक्त कोण कसं बोलतं याचीच नोंद करत बसला होता!

ग्रियर्सन यांचा जन्म ७ जानेवारी १८५१ चा, आयर्लंडमधल्या डब्लिनजवळचा. घराणं छापखानेवाल्यांचं. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ते गणित शिकत होते. तिथेच रॉबर्ट अ‍ॅटकिन्सन नावाचे प्राध्यापक भेटले. त्यांनी या मुलाला संस्कृतची गोडी लावली. पुढे ग्रियर्सन इंडियन सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा पास झाले आणि १८७३ मध्ये बंगाल प्रांतात नोकरीवर आले. तेव्हा बिहारही बंगालमध्येच होता. पाटण्याजवळचं बांकीपूर, गया, हावडा अशा त्यांच्या बदल्या होत गेल्या.

साहेब लोकांना परीक्षेसाठी जी हिंदुस्तानी शिकवत, ती पुस्तकी होती. समोर उभा राहणारा शेतकरी भोजपुरी, मगही नाहीतर मैथिली बोलायचा. म्हणजे न्याय देणाऱ्याची भाषा एक आणि न्याय मागणाऱ्याची दुसरी. बाकीच्या अधिकाऱ्यांनी ही अशिक्षितांची बिघडलेली हिंदी म्हणून सोडून दिली. ग्रियर्सन यांनी तिचं व्याकरण लिहायला घेतलं. १८८३ ते १८८७ या काळात बिहारच्या बोलींची सात व्याकरणं त्यांनी प्रसिद्ध केली. ज्या बोलण्याला लोक गावंढळ म्हणत होते, त्याला काळ आहेत, विभक्ती आहेत, नियम आहेत, हे कागदावर आलं. गंमत म्हणजे या सगळ्यांना मिळून त्यांनी बिहारी असं एकच नाव दिलं. त्या नावाची भाषा बोलतो असं तिथला कोणी म्हणत नव्हता!

१८८५ मध्ये त्यांचं बिहार पेझंट लाइफ हे पुस्तक आलं. आपल्या मशीन ड्रॉइंगच्या सरांना ते फार आवडेल. त्यात नांगर, बैलगाडी, मोट, उसाचा चरक, कुंभाराचं चाक, विणकराचा माग अशा वस्तू घेऊन त्यांच्या एकेका भागाला लोक काय म्हणतात ते दिलंय. सोबत चित्रंही आहेत. आपण असेंब्ली ड्रॉइंगला पार्ट्स लिस्ट जोडतो, अगदी तसंच. गंगेच्या उत्तरेला एक नाव, दक्षिणेला दुसरं, तेही नोंदवलंय. डिक्शनरीत बसून हे काम होत नाही, सुतारालाच विचारावं लागतं. मला स्वतःला त्यांच्या सगळ्या कामात हे पुस्तक सर्वांत जास्त भावलं. आता हाच माणूस पुढे सरकारचा बिहारमधला अफू एजंट होता, हेही सांगितलं पाहिजे. म्हणजे शेतकऱ्यांकडून सरकारसाठी अफू गोळा करणाऱ्या खात्याचा प्रमुख. चरित्र लिहिताना चांगलं तेवढंच लिहायची आपल्याकडे सवय आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

१८८६ मध्ये व्हिएन्नाला प्राच्यविद्येच्या अभ्यासकांची परिषद भरली. भारतातल्या भाषांची पद्धतशीर पाहणी करावी अशी शिफारस तिथे झाली. सरकारी काम, त्यामुळे सुरू व्हायला १८९४ उजाडलं. मद्रास इलाखा, हैदराबाद आणि म्हैसूर संस्थान आणि ब्रह्मदेशाचा बराच भाग वगळून बाकी देश घ्यायचं ठरलं. आधी प्रत्येक जिल्ह्याला विचारलं की तुमच्याकडे कोणकोणत्या भाषा बोलतात. उत्तरं आली, आणि बेरीज झाली २३१ भाषा आणि ७७४ बोली! एकच बोली चार जिल्ह्यांतून चार नावांनी आली होती. छाननी करून शेवटी आकडा १७९ भाषा आणि ५४४ बोली असा ठरला.

नावांचा गोंधळ का झाला, हे ग्रियर्सन यांनीच लिहून ठेवलंय. खेडेगावातल्या माणसाला विचारलं की तुझ्या भाषेचं नाव काय, तर तो गोंधळायचा. पन्नास मैलांवरचे लोक काय बोलतात त्याचं नाव तो लगेच सांगायचा. पण स्वतःच्या भाषेला कशाला नाव हवं, ती तर सरळ, शुद्ध भाषा! पंजाबात जांगली नावाच्या बोलीचा शोध घेतला तर कोणीच ती आपली म्हणेना. प्रत्येक गाव बोट दाखवायचं ते पुढच्या गावाकडे. आपल्या हॉस्टेलमध्ये हेच चालतं. पुण्याच्या मुलांना वाटतं नागपूरवाल्यांना हेल आहे, नागपूरवाल्यांना वाटतं पुण्याचे नाकात बोलतात. स्वतःचा हेल कोणालाच ऐकू येत नाही.

आता पद्धत बघा. प्रत्येक बोलीतून तीन गोष्टी मागवल्या. एक, बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीचं त्या बोलीत भाषांतर. दोन, त्या भागातली एखादी गोष्ट किंवा गाणं, लोकांच्याच तोंडचं. तीन, ठरावीक शब्द आणि वाक्यांची यादी. उधळ्या पुत्राची गोष्ट आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये मॉरल सायन्सच्या तासाला इतक्यांदा होती की पाठ झाली होती. धाकटा मुलगा वाटणी मागून घेतो, पैसे उडवतो, उपाशी मरायची वेळ आल्यावर परत येतो आणि बाप त्याला जवळ घेतो. पण ग्रियर्सन यांनी ती निवडली व्याकरणासाठी. त्या एका छोट्या गोष्टीत मी-तू-तो येतात, बऱ्याचशा विभक्ती येतात, तिन्ही काळ येतात. इथे मला त्यांच्यातला गणिती दिसला. सगळ्या मशीनला इनपुट एकच द्यायचं आणि आउटपुटमधला फरक मोजायचा. फक्त गोष्टीतलं वासरू कापायचं वगैरे इथे चालणार नव्हतं, म्हणून तसे शब्द बदलून घेतले.

या पद्धतीत एक खोट आहे, असं मला वाटतं. नमुने यायचे ते कचेऱ्यांमार्फत, म्हणजे लिहिता-वाचता येणाऱ्याच्या हातून. चुलीपाशी बसलेल्या बाईचं बोलणं त्यात किती आलं असेल? पुढे काही बोलींची ग्रामोफोन रेकॉर्डिंग्ज झाली, तेव्हा निदान माणसांचा आवाज तरी आला.

१९०३ मध्ये ग्रियर्सन नोकरीतून निवृत्त झाले आणि इंग्लंडमधल्या कॅम्बरली इथे राहून त्यांनी हे काम पुढे चालवलं. मराठीचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. तो तयार केला स्टेन कोनो या नॉर्वेच्या विद्वानाने. आपलं वऱ्हाडी, नागपुरी, कोकणातलं बोलणं, सगळ्यांची हजेरी तिथे लागलीय. कोकणीला त्या खंडात मराठीची बोली म्हणून बसवलं. त्यावरून पुढे किती वाद झाले ते गोव्याच्या मित्रांना विचारा. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीला स्वतंत्र भाषा मानलं आणि १९९२ मध्ये ती आठव्या अनुसूचीत आली. तिकडे बिहारी म्हणून एकत्र बांधलेल्या तिघींपैकी मैथिली २००३ च्या घटनादुरुस्तीने अनुसूचीत आली, भोजपुरी आणि मगही त्या यादीत आल्या नाहीत. भाषा कुठली आणि बोली कुठली यातला फरक डोंगर आणि टेकडीसारखा आहे, टोकाला स्पष्ट आणि मध्ये धूसर, अशा अर्थाचं ग्रियर्सन यांनीच म्हटलं होतं. पण त्यांनी छापलेल्या यादीकडे लोकांनी निकालपत्रासारखं पाहिलं.

खानदेशीचं तर आणखी वेगळंच. ती मराठीच्या खंडात नाहीच! नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, १९०७ साली, भिल्ली भाषांसोबत ती ठेवलीय. माझा रूममेट शिरपूरकडचा. आईचा फोन आला की तो कॉरिडॉरमध्ये जातो आणि आवाज बारीक करून अहिराणी बोलतो, कारण फर्स्ट इयरला त्याच्या शे वरून फार चेष्टा झाली होती. आपलं आहे, त्यांचं शे आणि गुजरातीतलं छे. त्याला मी स्कॅन केलेला तो भाग दाखवला. आपल्या बोलीचं व्याकरण शंभर वर्षांपूर्वी छापलं गेलंय यावर त्याचा विश्वास बसेना. मग त्याने चुका काढायला सुरुवात केली. हे आमच्याकडे असं नाही म्हणत, हे तर पार तिकडचं. पन्नास मैलांचा नियम! २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा नोंदवणारे १८ लाखांहून जास्त लोक आहेत. त्यात त्याचं घर आहे का, हे त्याला माहीत नाही. नोंद करणाऱ्याने न विचारताच मराठी लिहिलं असेल, असं तो म्हणाला.

सर्वेक्षण १९२८ मध्ये पूर्ण झालं. अकरा खंड, काहींचे अनेक भाग, मिळून आठ हजारांच्या आसपास पानं. त्याच वर्षी ग्रियर्सन यांना ब्रिटिश सरकारचा ऑर्डर ऑफ मेरिट हा मोठा सन्मान मिळाला. वय ७७. तरीही ते थांबले नाहीत, काश्मिरीचा शब्दकोश त्यांनी हाती घेतलेला होता, तो १९३२ मध्ये पुरा केला. कॅम्बरलीतच मार्च १९४१ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या खंडांची स्कॅन केलेली पानं इंटरनेटवर आहेत, ग्रामोफोनची काही रेकॉर्डिंग्जसुद्धा ऐकायला मिळतात. खरखर खूप आहे, हेडफोन लावून ऐका.