गोष्टीतल्या अहिल्याबाई आणि खऱ्या अहिल्याबाई

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार, तेव्हा प्रत्येकीने काहीतरी लिहिलेच पाहिजे, असा आमच्या चिटणीसबाईंचा आग्रह. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लिहिणे म्हणजे वाण्याची यादी आणि भावाला पत्र, एवढेच. एखादी पाककृती द्यावी असे आधी मनात होते. पण एक गोष्ट बरेच दिवस मनात घोळते आहे, तीच लिहिते. काही चुकले-माकले तर भगिनींनी सांभाळून घ्यावे.

अहिल्याबाई होळकरांची जयंती ३१ मे रोजी येते. ते दिवस सुटीचे. लहानपणी आम्ही आजोळी असू. संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर तसबिरीला हार घालीत आणि गावातले एक वृद्ध गृहस्थ आम्हा मुलांना दर वर्षी तीच गोष्ट सांगत. अहिल्याबाईंचा मुलगा मालेराव रथातून चालला असता चाकाखाली वासरू सापडून मेले. गाय रस्त्यात अडून बसली. अहिल्याबाईंना कळताच त्यांनी न्याय केला, की मुलालाही तसेच बांधून रस्त्यावर टाकावे आणि त्याच्यावरून रथ न्यावा. कोणी सारथी तयार होईना, तेव्हा त्या स्वतः रथात चढल्या. पण तीच गाय पुन्हा पुन्हा आडवी आली आणि मुलगा वाचला. इंदूरच्या आडा बाजाराचे नाव त्यावरूनच पडले, असेही सांगत. दुसरीकडे ऐकले, त्यात गाय नव्हती. तिथे मुलाला हत्तीच्या पायी देऊन मारलेच होते. गोष्ट संपली की खोबरे-साखर मिळायची. आमचे निम्मे लक्ष तिकडेच असे.

पुढे मी आई झाले. माझा मुलगा आठ वर्षांचा असताना त्याच्या सायकलखाली मांजराच्या पिलाचा पाय सापडला. तो हसत घरात आला, म्हणून मला राग आला आणि मी त्याला ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. त्या रात्री तो जेवला नाही. दिवा मालवल्यावर त्याने हळूच विचारले, की मीसुद्धा त्याच्यावरून रथ नेईन का. मी त्याला कुशीत घेतले. पण उत्तर मला चटकन देता आले नाही. नाही म्हणावे तर अहिल्याबाईंचा न्याय खोटा ठरतो, आणि हो म्हणायला कोणत्या आईची जीभ उचलेल?

त्यानंतरच्या उन्हाळ्यात गच्चीवर पापड वाळत घालताना शेजारच्या तामिळ मामींना मी हे सांगितले. त्या ऐकतच राहिल्या. म्हणाल्या, ही तर आमच्या तिरुवारूरच्या मनुनीती चोळ राजाची गोष्ट! तिथेही राजपुत्राच्या रथाखाली वासरू मेले, गाईने राजवाड्यावरची घंटा ओढली आणि राजाने मुलावरून रथ नेला. त्या राजाचा पुतळा मद्रासच्या हायकोर्टाच्या आवारात आहे. तामिळच्या जुन्या काव्यांतून ही कथा आलेली आहे आणि ती काव्ये अहिल्याबाईंच्या कितीतरी शतके आधीची आहेत. मी पिठाचे हात तसेच धरून बसले. चांगली गोष्ट तोंडोतोंडी गावोगाव फिरते आणि जिथे न्यायी राजा किंवा राणी भेटेल तिथे त्यांच्या नावाला चिकटते, हे मला त्या दिवशी कळले.

मग मी वाचनालयातून अहिल्याबाईंची चरित्रे आणून दुपारी वाचू लागले. त्यातून ज्या बाई मला भेटल्या, त्यांची हकीकत थोडक्यात देते.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली चौंडी गावी झाला. हे गाव हल्लीच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात आहे. वडील माणकोजी शिंदे. लहान वयातच मल्हारराव होळकरांचे चिरंजीव खंडेराव यांच्याशी त्यांचे लग्न झाले. सासू गौतमाबाई मोठ्या करारी. होळकरांच्या घरी दौलतीचा पैसा वेगळा आणि खासगीचा वेगळा असे. ही खासगी गौतमाबाईंच्या नावची, पुढे ती अहिल्याबाईंकडे आली. घाट, देवळे, धर्मशाळा त्यांनी बांधल्या, त्या मुख्यतः या खासगीतून. रयतेच्या पैशाला त्यासाठी हात लावला नाही. घरखर्चाचे डबे वेगवेगळे ठेवणाऱ्या आपल्यासारख्या बायकांना हे चटकन समजेल.

१७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव गेले. अहिल्याबाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. त्या सती जाण्यास निघाल्या, तेव्हा म्हाताऱ्या सासऱ्याने काकुळतीला येऊन त्यांना थांबविले. त्यानंतर मल्हाररावांनी त्यांना कोपऱ्यात बसविले नाही. स्वतः मोहिमेवर असताना ते सुनेला पत्रे लिहून तोफा, दारूगोळा आणि दाणावैरणीची कामे सांगत. तसबिरीत आपण त्यांना पांढरे लुगडे नेसलेल्या, हातावर पिंड घेतलेल्या पाहतो. त्या चित्रात हिशेबाची वही नाही आणि तोफाही नाहीत.

१७६६ साली मल्हारराव वारले आणि मालेराव गादीवर आला. विशी नुकती ओलांडलेला मुलगा. आता ज्याच्यासाठी हा लेख लिहिते तो भाग येतो.

मालेराव वासराच्या पायी मेला नाही आणि आईच्या हुकुमानेही मेला नाही. तो वेडाने मेला. माल्कम नावाचा इंग्रज अधिकारी १८१८ नंतर माळव्यात होता. अहिल्याबाईंना जाऊन तेव्हा तेवीस-चोवीस वर्षेच झाली होती आणि त्यांना डोळ्यांनी पाहिलेली माणसे हयात होती. आईनेच मुलाला मारविले, ही कंडी तेव्हाही होती. माल्कमने चौकशी केली, तीत ती खोटी ठरली, आणि १८२३ साली निघालेल्या आपल्या ग्रंथात त्याने तसे लिहून ठेवले. त्याने दिलेली हकीकत अशी, की मालेरावाची बुद्धी आधीपासूनच फिरलेली होती. दान घेण्यास आलेल्या ब्राह्मणांच्या वस्तूंत तो विंचू घालून ठेवी आणि आईला त्याचे फार दुःख होई. पुढे त्याने संशयावरून एका भरतकाम करणाऱ्या कारागिराचा जीव घेतला. तो कारागीर निरपराध होता असे कळले आणि त्यानंतर मालेरावाचे वेड बळावले. मेलेल्याचे भूत त्याला लागले, असे लोक म्हणू लागले. अहिल्याबाई रात्रंदिवस त्याच्या अंथरुणाशी बसून असत. रडत, देवाला आळवीत. त्या कारागिराच्या नावाने देऊळ बांधीन, त्याच्या घरच्यांना जमीन तोडून देईन, असेही त्या भुताला विनवीत. काही उपयोग झाला नाही. १७६७ साली मालेराव गेला.

हे वाचले त्या दुपारी पुस्तक मिटून मी कितीतरी वेळ बसून राहिले. मुलाने केलेला अपराध त्यांनी झाकला नाही. मेलेल्याच्या घराचे देणे आपले मानले. आणि मुलाला टाकलेही नाही. रथ हाकणाऱ्या आईपेक्षा ही आई मला अधिक अवघड वाटली. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरी असे बिघडलेले किंवा आजारी मूल असते. गोष्टीतली अहिल्याबाई त्यांना काही सांगू शकत नाही. अंथरुणाशी बसलेली सांगू शकते.

रडून बसायलाही त्यांना वेळ मिळाला नाही. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी लहान मूल दत्तक घ्यावे असे सुचविले, म्हणजे कारभार त्यांच्याच हाती राहता. अहिल्याबाईंनी साफ नकार दिला. मग राघोबादादा फौज घेऊन उज्जैनीकडे आले. अहिल्याबाईंनी आपली फौज तयार ठेवली, इतर सरदारांना आणि पुण्यास माधवराव पेशव्यांना पत्रे पाठविली. माधवरावांनी त्यांचा हक्क मान्य केला आणि दादांना माघार घ्यावी लागली. फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे आणि कारभार स्वतःकडे, अशी वाटणी त्यांनी केली. महेश्वरला नर्मदेकाठी राहून सुमारे अठ्ठावीस वर्षे त्यांनी राज्य चालविले. तिथे विणकर वसविले. महेश्वरी लुगडे आपण अजून हौसेने घेतो. काशी विश्वनाथाचे आजचे देऊळ त्यांनी १७८० च्या सुमारास बांधविले, आणि सोमनाथाचे व गयेच्या विष्णुपदाचेही.

त्यांच्या दुःखाचा शेवट मात्र झाला नाही. मुलगी मुक्ताबाईचा एकुलता एक मुलगा गेला. त्यानंतर वर्षभराने, १७९१ साली, जावई यशवंतराव फणसे वारले आणि मुक्ताबाई सती जाण्यास निघाली. आईने पाया पडून विनविले, पण मुलीने ऐकले नाही. सासऱ्याचे सुनेने ऐकले होते; आईचे लेकीने ऐकले नाही. एवढे राज्य हाती असूनही चितेजवळ उभे राहून पाहण्यापलीकडे त्यांना काही करता आले नाही. तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही. मग पुन्हा उठून कामाला लागल्या. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरी त्यांचे देहावसान झाले.

ओट्यावर गोष्ट सांगणाऱ्या त्या वृद्ध गृहस्थांवर माझा राग नाही. त्यांनी ऐकले तसे सांगितले, आणि अहिल्याबाईंचे नाव माझ्या कानी पडले ते त्यांच्यामुळेच. पण आपण मुलांना जे सांगतो ते एकदा निवडून पाहावे. तांदूळ निवडल्याशिवाय आपण चुलीवर चढवीत नाही, मग गोष्टीच का चढवाव्या?

माझा मुलगा आता कॉलेजात आहे. हा लेख लिहून झाल्यावर मी त्याला वाचावयास दिला. ती रात्र त्याला आठवते का, असे विचारले. चांगली आठवते, असे तो म्हणाला. मग त्याला जे उत्तर द्यावयाचे राहून गेले होते, ते इतक्या वर्षांनी दिले. येत्या जयंतीला मंडळाच्या मुलांना गोष्ट सांगण्याचे काम माझ्याकडे द्यावे, अशी चिटणीसबाईंना विनंती आहे. खोबरे-साखर मी घरून आणीन.