रमण राघव

रमण राघव (मृत्यू: इ.स. १९९५, पुणे) हा इ.स. १९६०च्या दशकात मुंबईच्या उपनगरांत उघड्यावर व झोपड्यांत झोपलेल्या गोरगरिबांच्या हत्या करणारा गुन्हेगार होता. पोलीस दप्तरी त्याची सिंधी दलवाई, तळवाई, अण्णा, तंबी, वेलुस्वामी अशी अनेक नावे नोंदलेली होती. इ.स. १९६९मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयात त्याने खुनाचा गुन्हा कबूल केला आणि त्याला फाशीची शिक्षा झाली. पुढे तो असाध्य मनोरुग्ण असल्याचे निष्पन्न झाल्याने उच्च न्यायालयाने ती शिक्षा कमी करून जन्मठेप दिली. 

पार्श्वभूमी

त्याच्या पूर्वायुष्याची विश्वसनीय माहिती फारच त्रोटक आहे. तो मूळचा दक्षिण भारतातील होता व मुंबईत त्याला कायमचा निवारा नव्हता. दरोड्याच्या गुन्ह्यात त्याने पाच वर्षांचा कारावास भोगला होता. त्यामुळे त्याच्या बोटांचे ठसे पोलिसांकडे आधीपासून होते.

हत्यासत्र

इ.स. १९६५-६६मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत, पूर्वीच्या जी.आय.पी. रेल्वेमार्गाच्या परिसरात, झोपलेल्या १९ जणांवर हल्ले झाले. त्यांपैकी ९ जण दगावले. त्या काळात संशयास्पद रीतीने फिरताना राघव पोलिसांच्या हाती लागला होता. परंतु वाचलेल्यांपैकी कोणीही हल्लेखोराला पाहिलेले नव्हते आणि दुसरा पुरावा नव्हता, म्हणून त्याला सोडून द्यावे लागले.

इ.स. १९६८च्या पावसाळ्यात उत्तर उपनगरांत हे सत्र पुन्हा सुरू झाले. पद्धत तीच होती: रात्रीची वेळ, झोपलेला माणूस आणि डोक्यावर जड, बोथट हत्याराचा घाव. बळी पडलेले बहुतेक लोक मजूर व झोपडीवासी होते. त्यांच्या घरांना धड दार नव्हते, मग कडी-कुलूप दूरच. उघड्यावर झोपण्याची लोकांना धास्ती वाटू लागली.

गुन्हे शाखेचे तत्कालीन उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांनी तपासाची सूत्रे हाती घेतली. २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियालो यांनी वर्णनावरून राघवला ओळखून पकडले. पंचांसमक्ष घेतलेल्या झडतीत चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचे घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले दोन कागद सापडले. अंगावरील बुशशर्ट व खाकी चड्डीवर रक्ताचे डाग होते. बोटांचे ठसे जुन्या नोंदींशी जुळले.

पोलिसांपुढील कबुली

बरेच दिवस त्याने कोणत्याही प्रश्नाचे उत्तर दिले नाही. अखेर मनाजोगते कोंबडीचे जेवण आणि मग केसांचे तेल, कंगवा व आरसा मिळाल्यावर तो बोलू लागला. त्याने चाळीसहून अधिक हत्या सांगितल्या आणि पोलिसांना उपनगरांतून फिरवून लपवलेली हत्यारे दाखवली. इ.स. २०२४पर्यंत लागू असलेल्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम २५नुसार पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नसे. मात्र तिच्यातून एखादी वस्तू हाती लागली, तर कलम २७नुसार कबुलीचा तेवढाच भाग ग्राह्य धरला जाई. लोकप्रिय लेखनात आढळणारे हत्यांचे मोठे आकडे या पोलीस जबाबातून आलेले आहेत आणि ते निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे दिले जातात. न्यायालयापुढे आलेला खटला मालाड भागातील दोन खुनांचा होता.

खटला

सत्र खटल्यात दोषारोप वाचून दाखवल्यावर आरोपीला गुन्हा कबूल आहे का, असे विचारले जाते. तेव्हा लागू असलेल्या इ.स. १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७१नुसार, आरोपीने गुन्हा कबूल केल्यास न्यायालय त्या आधारे त्याला दोषी ठरवू शकत असे. ‘शकत असे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण तसे करणे न्यायालयावर बंधनकारक नव्हते. खुनासारख्या गुन्ह्यात निव्वळ कबुलीवर न विसंबता पुरावा नोंदवावा, असा न्यायालयांचा जुना प्रघात आहे. अशा कबुलीवरून दोषी ठरलेल्यास कलम ४१२नुसार केवळ शिक्षेचे प्रमाण व वैधता यांपुरतेच अपील करता येई. म्हणजे कबुली देणारा आपल्या हाताने एक दरवाजा बंद करत असतो, आणि ते त्याला कळते आहे का, हे आधी पाहावे लागते.

२ जून १९६९ रोजी खटला सुरू होताच बचाव पक्षाच्या वकिलांनी नेमका हाच मुद्दा काढला. आरोपी मनोविकल असल्याने स्वतःचा बचाव करू शकत नाही, असा त्यांचा अर्ज होता. कलम ४६५प्रमाणे असा प्रश्न निर्माण झाल्यास त्याचा निर्णय आधी लावावा लागे. राघवला मुंबईच्या पोलीस सर्जनकडे पाठवण्यात आले. २८ जून ते २३ जुलैपर्यंत निरीक्षण करून त्यांनी तो मनोरुग्ण नसल्याचा निर्वाळा दिला. खटला पुढे चालू झाला आणि राघवने गुन्हा कबूल केला.

यानंतर बचाव पक्षाने नायर रुग्णालयातील एका मानसोपचारतज्ज्ञाची साक्ष काढली. त्यांनी आर्थर रोड तुरुंगात राघवच्या पाच वेळा मुलाखती घेतल्या होत्या. त्यांच्या मते तो दीर्घकाळ संभ्रमी छिन्नमनस्कतेने ग्रस्त होता: आपण माणूस मारतो आहोत हे त्याला कळत होते, पण ते कायद्याविरुद्ध आहे हे कळत नव्हते. भारतीय दंड संहितेच्या कलम ८४खाली सुटका मिळण्यास एवढे पुरे होते. अतिरिक्त सत्र न्यायाधीशांनी हा बचाव मान्य न करता मृत्युदंड ठोठावला. राघवने अपील करण्यास नकार दिला.

उच्च न्यायालय

आरोपीने अपील केले नाही म्हणून फाशी अमलात येत नाही. सत्र न्यायालयाने दिलेला मृत्युदंड कलम ३७४नुसार उच्च न्यायालयाकडे कायम करण्यासाठी पाठवावाच लागे. आरोपीच्या इच्छेचा तेथे संबंध नसे. मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षा कायम करण्यापूर्वी सर्जन जनरल यांना तीन मानसोपचारतज्ज्ञांचे मंडळ नेमण्याचा आदेश दिला. आरोपी मनोविकल आहे का आणि असल्यास त्यामुळे तो बचाव करण्यास असमर्थ आहे का, हे मंडळाने सांगायचे होते.

मंडळाने पाच बैठकींत, प्रत्येकी सुमारे दोन तास, त्याची तपासणी केली. जगे दोन आहेत, एक ‘कानून’चे आणि दुसरे हे पापी लोकांचे, अशी त्याची ठाम समजूत होती. लोक आपले लिंग पालटण्याचा डाव रचत आहेत, असेही त्याला वाटे. शेवटच्या भेटीनंतर डॉक्टरांनी पुढे केलेला हात त्याने घेतला नाही, कारण कानूनचा प्रतिनिधी या जगातील माणसांना शिवत नाही. ज्या कायद्यापुढे त्याने गुन्हा कबूल केला होता, तो आणि त्याच्या मनातला कानून एकच नव्हता. मंडळाने तो मनोविकल असल्याचा निष्कर्ष दिला.

राघवला पुण्याच्या येरवडा मध्यवर्ती कारागृहात ठेवून मनोरुग्णालयातून त्याच्यावर उपचार करण्यात आले. तो बरा होण्याची शक्यता नसल्याचे वैद्यकीय मत मिळाल्यावर इ.स. १९८७मध्ये उच्च न्यायालयाने मृत्युदंड रद्द करून जन्मठेप दिली. तो वेडा ठरून सुटला, असे कधीकधी लिहिले जाते ते बरोबर नाही. दोषसिद्धी टिकली, बदलली ती केवळ शिक्षा. मूत्रपिंडाच्या विकाराने इ.स. १९९५मध्ये ससून रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला.

नंतरचे कायदे

राघवच्या खटल्याच्या वेळी शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे वेगळे ऐकून घेण्याची तरतूद नव्हती, ती इ.स. १९७३च्या संहितेच्या कलम २३५(२)ने आली. इ.स. २००६पासून लागू झालेली कबुलीच्या बदल्यात सौम्य शिक्षेची तडजोड खुनाच्या गुन्ह्याला लागू होत नाही. दोषसिद्धीनंतर जडलेला गंभीर मनोविकार मृत्युदंड कमी करण्यास कारण ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने इ.स. २०१९मध्ये महाराष्ट्रातीलच एका खटल्यात स्पष्ट केले.

चित्रपट

श्रीराम राघवन यांनी इ.स. १९९१मध्ये राघववर लघुपट केला; त्यात रघुवीर यादव यांनी मुख्य भूमिका केली. अनुराग कश्यप यांचा ‘रमन राघव २.०’ (इ.स. २०१६) हा त्याचा चरित्रपट नसून, त्याच्यापासून प्रेरणा घेणाऱ्या आजच्या काळातील एका खुन्याची काल्पनिक कथा आहे.