व्यत्ययाशी झुंजलेले मार्कोनी

पिंपरीतील संत तुकाराम नगरच्या मेट्रो स्थानकावर गर्दीच्या वेळी शेकडो मोबाईल एकाच वेळी चालू असतात. जवळच्या फोनच्या जोरदार लहरींत दूरच्या फोनचा क्षीण संदेश बुडू नये म्हणून मनोरा प्रत्येक फोनला शक्ती कमी-जास्त करण्याची आज्ञा देतो. तिसऱ्या पिढीच्या यंत्रणेत ही आज्ञा सेकंदाला 1500 वेळा जात असे. बिनतारी संदेशवहनाचे प्रवर्तक गुग्लिएल्मो मार्कोनी यांना हाच प्रश्न आयुष्यभर पुरला.

25 एप्रिल 1874 रोजी इटलीतील बोलोन्या येथे त्यांचा जन्म झाला. वडील जमीनदार, आई आयरिश. 1895 मध्ये घराच्या आवारात प्रयोग करून ते पुढल्या वर्षी इंग्लंडला गेले. एकाच परिसरात दोन प्रक्षेपक सुरू झाले, की संदेशांची सरमिसळ होई. त्यावर उपाय म्हणून त्यांनी 1900 मध्ये ट्यूनिंगचे, 7777 क्रमांकाचे पेटंट घेतले. डिसेंबर 1901 मध्ये अटलांटिकपार संकेत पोहोचला आणि त्यांचे नाव जगभर झाले. मात्र त्या वेळच्या ग्राहक यंत्राचे मूळ जगदीशचंद्र बोस यांच्या संशोधनात असल्याचा वाद अद्याप मिटलेला नाही.

ट्यूनिंगमुळे संदेश सुरक्षित झाल्याच्या दाव्याची फजिती जून 1903 मध्ये झाली. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये फ्लेमिंग यांच्या व्याख्यानात दूरच्या पोल्धू केंद्राचा संदेश यायचा होता. त्याआधीच जादूगार नेव्हिल मास्केलिन यांनी जवळच्या प्रक्षेपकावरून टवाळखोर मजकूर यंत्रात घुसवला. प्रकार खोडसाळ खरा. पण मुद्दा बिनतोड होता.

पुढे अनेक वर्षे मार्कोनी यांचा भर लांब लहरी आणि अवाढव्य शक्ती यांवर राहिला. ही दिशा चुकीची होती, असेच आज म्हणावे लागेल. 1920 नंतर सहकारी सी. एस. फ्रँकलिन यांच्यासह ते लघुलहरींकडे वळले. लहरी चहूकडे न उधळता एकाच दिशेने सोडल्याने थोड्या शक्तीत काम भागू लागले आणि इतरांना होणारा उपद्रवही घटला.

या 'बीम' पद्धतीची भारत-इंग्लंड सेवा 1927 मध्ये सुरू झाली. तिचे प्रक्षेपण केंद्र संत तुकाराम नगरपासून काही किलोमीटरवरील खडकीला होते, तर ग्रहण केंद्र पुण्यापासून रेल्वेने सुमारे 75 किलोमीटरवरील दौंडला. हे अंतर हेतुपूर्वक ठेवलेले होते. दोन्ही शेजारी असती, तर आपल्याच प्रक्षेपकाच्या गलक्यात इंग्लंडहून येणारा क्षीण संकेत ऐकूच आला नसता.

1909 मध्ये ब्राऊन यांच्यासह नोबेल मिळवणारे मार्कोनी 1923 मध्ये फॅसिस्ट पक्षात सामील झाले, हा त्यांच्या चरित्रावरील डाग. 20 जुलै 1937 रोजी रोम येथे त्यांचे निधन झाले. श्रद्धांजली म्हणून अनेक देशांतील रेडिओ केंद्रे दोन मिनिटे स्तब्ध राहिली. 1943 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या ट्यूनिंगच्या अमेरिकी पेटंटमधील महत्त्वाचे दावे रद्द ठरवले. लॉज, टेस्ला आणि स्टोन यांचे काम आधीचे होते.