दृष्टीचे रसायन उलगडणारे जॉर्ज वॉल्ड

रातांधळेपणावर यकृत खावे, हा उपाय प्राचीन इजिप्त आणि ग्रीसमध्ये माहीत होता. सुश्रुतसंहितेतही नक्तांध्यावर बोकडाच्या यकृताचा उल्लेख आढळतो. यकृतातील कोणते द्रव्य गुण देते आणि ते डोळ्यात नेमके काय करते, हे कळायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. हे कोडे सोडविण्यात अमेरिकी शास्त्रज्ञ जॉर्ज वॉल्ड यांचा वाटा सर्वांत मोठा आहे.

वॉल्ड यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये, युरोपातून स्थलांतरित झालेल्या ज्यू कुटुंबात झाला. वडील शिंपीकाम करीत. कोलंबिया विद्यापीठात सेलिग हेख्ट यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. प्रकाशामुळे डोळ्यात काही रासायनिक बदल घडत असला पाहिजे, हे हेख्ट यांनी मोजमापांवरून दाखविले होते. पण बदलणारा रेणू कोणता, हे अज्ञात होते. तो रेणू हाती लागावा, ही वॉल्ड यांची आस होती.

शिष्यवृत्ती घेऊन ते १९३२ मध्ये बर्लिनला ओटो वारबुर्ग यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. तेथे त्यांना दृष्टिपटलात ‘अ’ जीवनसत्त्व आढळले. या जीवनसत्त्वाची रचना पॉल कारर यांनी नुकतीच निश्चित केली होती, म्हणून खात्री करून घेण्यासाठी वॉल्ड झुरिकला कारर यांच्याकडे गेले. गुरे, मेंढ्या व डुकरे यांच्या डोळ्यांच्या दृष्टिपटलांतून काढलेले द्रव्य ‘अ’ जीवनसत्त्वच ठरले. पुढचा मुक्काम हायडेलबर्ग येथे ओटो मायरहोफ यांच्याकडे होता.

दरम्यान, जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला होता. ज्यू असलेल्या या तरुण संशोधकाचे जर्मनीत राहणे धोक्याचे ठरत होते आणि मायदेशी परतण्याची सूचनाही आली होती. उन्हाळी सुटीमुळे प्रयोगशाळा ओस पडलेली असताना तेथे सुमारे ३०० बेडूक येऊन पोहोचले. वॉल्ड यांनी ती संधी साधली. अंधारात ठेवलेल्या बेडकांचे दृष्टिपटल जांभळट लाल असते व उजेडात ते फिकट पडते, हे फ्रान्झ बोल यांनी १८७६ मध्येच नोंदविले होते. रंग फिकट होताना एक पिवळे द्रव्य सुटे होते आणि पुढे त्याचेच ‘अ’ जीवनसत्त्व बनते, हे वॉल्ड यांनी दाखविले. त्याला त्यांनी ‘रेटिनीन’ म्हटले. आज ते ‘रेटिनल’ या नावाने ओळखले जाते.

१९३४ मध्ये ते हार्वर्ड विद्यापीठात रुजू झाले आणि १९७७ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. रूथ हबर्ड, ज्या पुढे त्यांच्या पत्नी झाल्या, आणि पॉल ब्राउन हे त्यांचे प्रमुख सहकारी. या कामाचे श्रेय एकट्या वॉल्ड यांच्या पदरात टाकणे योग्य होणार नाही; विशेषतः प्रकाश नेमके काय करतो, हे स्पष्ट होण्यात हबर्ड यांच्या प्रयोगांचा निर्णायक भाग आहे.

मंद प्रकाशात पाहण्याचे काम दृष्टिपटलातील शलाका पेशी करतात. त्यांच्या आतील पातळ पटलांमध्ये ऑप्सिन हे प्रथिन रुतलेले असते. अंधारात रेटिनलचा वाकलेला रेणू त्याच्या पोकळीत चपखल बसतो. ही जोडी म्हणजे ऱ्होडॉप्सिन. प्रकाश पडताच रेटिनल सरळ होतो. प्रकाशाचे काम एवढेच. सरळ झालेला रेणू पोकळीत मावत नाही, प्रथिनाचा आकार बदलतो आणि त्यातून मेंदूकडे जाणाऱ्या संदेशाची सुरुवात होते. नंतर रेटिनल सुटा होतो व पुन्हा वाकल्यावरच त्याचा उपयोग होतो. या चक्रात होणारी घट आहारातील ‘अ’ जीवनसत्त्वाने भरून निघाली नाही, तर प्रथम रात्रीचे दिसणे मंदावते. या जीवनसत्त्वाअभावी पुढे बुबुळालाही इजा होऊन बालके कायमची अंध होऊ शकतात. भारतात १९७० पासून बालकांना ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा कार्यक्रम सुरू झाला, तो याच संकटामुळे.

१९६७ चे शरीरक्रियाशास्त्र किंवा वैद्यकाचे नोबेल पारितोषिक वॉल्ड यांना रॅग्नर ग्रॅनिट व हाल्डन केफर हार्टलाइन यांच्यासह विभागून मिळाले. सन्मानानंतर ते केवळ प्रयोगशाळेत रमले नाहीत. ४ मार्च १९६९ रोजी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत त्यांनी व्हिएतनाम युद्ध व अण्वस्त्रांविरुद्ध केलेले भाषण देशभर गाजले. त्यानंतर संशोधन मागे पडत गेले आणि वेळ मुख्यतः या चळवळींना मिळू लागला. काही सहकाऱ्यांना ते रुचले नसेलही, पण १९३३ चे जर्मनी जवळून पाहिलेल्या माणसाचा हा मार्ग अनाकलनीय वाटत नाही.

१२ एप्रिल १९९७ रोजी केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी, २००० मध्ये, गाईच्या डोळ्यातील ऱ्होडॉप्सिनची त्रिमितीय रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रसिद्ध झाली. पटल सात वेळा ओलांडणाऱ्या प्रथिनाच्या वेटोळ्यांमध्ये, वाकलेला रेटिनल जागच्या जागी बसलेला त्यात दिसत होता.