टिनटिनचे जनक हर्जे

टिनटिनची जुनी पुस्तके मी जमवतो, म्हणून त्यांच्या कर्त्याविषयी थोडेसे. जॉर्ज रेमी ऊर्फ हर्जे (१९०७–१९८३) हे ब्रुसेल्सचे. १९२९ साली त्यांनी टिनटिन जन्मास घातला. १९३४ मध्ये झांग चोंगरेन या चिनी विद्यार्थ्याशी त्यांचा स्नेह जडला. ‘द ब्लू लोटस’ त्याच्याच मदतीने साकारले. चित्रांतली चिनी अक्षरेही त्याचीच. पुढे ताटातूट झाली. १९५८ पासून हर्जे यांनी टिनटिनला हरवलेल्या मित्राच्या शोधात तिबेटात धाडले. मित्राचे नाव चँगच! खरी भेट व्हायला १९८१ साल उजाडले.

‘ब्लू लोटस’च्या मुखपृष्ठासाठी काढलेले चित्र २०२१ मध्ये पॅरिसच्या लिलावात ३१ लाख युरोंहून अधिक किमतीला गेले. माझी तिबेटची प्रत पुठ्ठा गेलेली. रद्दीवाला वजनावर घेईल. सातवीत गाव सोडून गेलेल्या मित्राने ती जाताना माझ्या हाती ठेवली. वाणिज्य शिकतो खरा, पण ती कोणत्या खात्यात मांडावी, हे अजून ठरत नाही.