झाक प्लांट: गोलकीपरच्या तोंडावर मास्क आणणारा माणूस

नवीन मोबाईल घेतला की आपण आधी कव्हर चढवतो, स्क्रीनवर ग्लास लावतो. त्यासाठी कोणी आपल्याला भित्रा म्हणत नाही. पण 1959 पर्यंत आईस हॉकीचा गोलकीपर अंगावरचं सगळं झाकायचा आणि तोंड मात्र उघडं ठेवायचा. समोरून येणारा पक म्हणजे कडक रबराची चकती, वजन 156 ते 170 ग्रॅम. ती तोंडावर बसली तर नाक, गाल, दात काहीही जाऊ शकतं. तरी मास्क घालणं म्हणजे घाबरणं, असा समज होता. हा समज मोडला झाक प्लांट या कॅनेडियन गोलकीपरने. आज रस्त्यावर चेंडूने बॉल हॉकी खेळणारी पोरंसुद्धा मास्क घालून गोलमध्ये उभी राहतात, त्याचं मूळ या माणसाच्या हट्टात आहे.

टेनिस बॉल आणि बटाट्याची पोती

प्लांटचा जन्म 17 जानेवारी 1929 चा, कॅनडाच्या क्विबेक प्रांतातला. अकरा भावंडांत तो थोरला. वडील शाविनिगन फॉल्स या गावात कारखान्यात कामाला. घरात पैसा बेताचाच, त्यामुळे पोराची हॉकी सुरू झाली ती स्केटशिवाय आणि टेनिस बॉलने. म्हणजे आजच्या भाषेत बॉल हॉकीच. पहिली स्टिक वडिलांनी झाडाच्या मुळापासून कोरून दिली. पायाचे पॅड बटाट्याच्या पोत्यांत भरण घालून, त्याला लाकडी पट्ट्या लावून बनवले.

प्लांटला लहानपणापासून दमा होता. जास्त वेळ स्केटिंग केलं की धाप लागायची, म्हणून तो गोलकडे वळला. पाच वर्षांचा असताना शिडीवरून पडून हात मोडला आणि हाड नीट जुळलं नाही. त्याचा परिणाम खेळावर बरीच वर्षं राहिला, मोठेपणी ऑपरेशन झालं तेव्हा सुटका झाली. थंडीत डोकं झाकायला लोकरीची टोपी लागायची, ती विणायला आईने शिकवलं. विणकाम त्याने आयुष्यभर सोडलं नाही. अडचण आली की त्यावर हाताने काहीतरी बनवायचं, ही सवय या घरातूनच आली.

गोल सोडून पुढे येणारा गोलकीपर

ज्युनिअर हॉकीत क्विबेक सिटाडेल्सकडून खेळताना प्लांटच्या लक्षात आलं की आपले बचावपटू कमी पडतायत. मग तो गोल सोडून बाहेर यायला लागला. जाळीमागे गेलेला पक स्वतः अडवायचा आणि आपल्या खेळाडूकडे ढकलायचा. तेव्हाच्या प्रशिक्षकांना हे वेडेपण वाटायचं, पण त्यामागे साधा हिशोब होता. तुम्हीच करून बघा.

आईस हॉकीचा गोल 6 फूट, म्हणजे 1.83 मीटर रुंद असतो. समजा समोरचा खेळाडू 6 मीटरवरून मारतोय. गोलकीपर रेषेवरच उभा राहिला, तर त्याला पूर्ण 1.83 मीटर सांभाळावे लागतात. तो दीड मीटर पुढे आला, तर तेवढ्याच कोनासाठी फक्त 1.37 मीटर झाकावे लागतात. शरीर तेच, पण काम पाव हिश्श्याने कमी. धोका एकच: चेंडू बाजूच्या खेळाडूकडे गेला की परत गोलकडे धाव घ्यावी लागते. म्हणून प्लांट पुढे यायचा तो आधी सगळीकडे नजर टाकून, आणि बचावपटूंना ओरडून सूचना देत.

1952-53 च्या मोसमात मॉन्ट्रियल कॅनेडियन्स संघाने त्याला वर बोलावलं आणि त्याच मोसमात संघाने स्टॅनले कप जिंकला. पुढे 1956 ते 1960 असे सलग पाच कप आले. त्या पाचही वर्षी गोलमध्ये प्लांटच होता.

मास्क कसा बनला?

या यशाची किंमत तोंडाने मोजली. सरावात गालाची हाडं मोडली. 1957 मध्ये सायनसचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तो सरावात मास्क घालायला लागला. सामन्यात घालायला मात्र प्रशिक्षक टो ब्लेक तयार नव्हते. मास्कमुळे पायाजवळचा पक दिसणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

मास्क ही कल्पना तशी नवी नव्हती. 1930 मध्ये क्लिंट बेनेडिक्ट या गोलकीपरने चामड्याचा मास्क काही सामन्यांत घातला होता, पण तो टिकला नाही. प्लांटच्या वेळी वेगळं काय होतं? मटेरियल. फायबरग्लास कॅनडा या कंपनीत काम करणाऱ्या बिल बर्चमोरने प्लांटच्या चेहऱ्याचा साचा घेतला आणि त्यावर फायबरग्लासचा मास्क तयार केला. वजन साधारण 400 ग्रॅम, म्हणजे हल्लीचे दोन मोबाईल.

फायबरग्लास म्हणजे काचेचे बारीक धागे आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन. धागे ताण सहन करतात, रेझिन आकार टिकवतं. हलकं, कडक आणि कुठल्याही साच्यात बसणारं. तुमच्या फोनच्या आतला सर्किट बोर्डही बहुतेक वेळा काचेच्या धाग्यांच्या कापडाचा आणि इपॉक्सी रेझिनचाच असतो. असा कडक मास्क पकचा मार एका जागी न ठेवता मोठ्या भागावर पसरवतो, त्यामुळे चिरण्याचा आणि हाड मोडण्याचा धोका कमी होतो.

1 नोव्हेंबर 1959

न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. सामना सुरू होऊन काही मिनिटंच झाली होती. रेंजर्सच्या अँडी बाथगेटचा फटका थेट प्लांटच्या तोंडावर बसला. नाक मोडलं, टाके पडले. त्या काळी संघाकडे राखीव गोलकीपर नसायचा. प्लांटने ब्लेकना स्पष्ट सांगितलं की मास्क घालू दिला तरच परत उतरेन. ब्लेकपुढे दुसरा इलाज नव्हता. प्लांट मास्क घालून उतरला आणि मॉन्ट्रियलने सामना 3-1 ने जिंकला.

ब्लेकची परवानगी जखम भरेपर्यंतच होती. पण त्या काळात संघ सलग 18 सामने हरलाच नाही, मग बोलणार कोण? 8 मार्च 1960 ला ब्लेकच्या विनंतीवरून प्लांट डेट्रॉइटविरुद्ध मास्कशिवाय खेळला आणि संघ 0-3 ने हरला. दुसऱ्या दिवसापासून मास्क कायमचा आला. एका हारीवरून काही सिद्ध होत नाही हे खरं, पण मास्क घालून खेळ बिघडतो हा मुद्दा मात्र निकालात निघाला.

शेवटपर्यंत सुधारणा

1962 मध्ये प्लांटला सर्वोत्तम खेळाडूची हार्ट ट्रॉफी मिळाली. गोलकीपरची वेझिना ट्रॉफी त्याच्या नावावर सात वेळा आहे. 1965 मध्ये निवृत्त होऊन तो 1968 मध्ये सेंट लुईस ब्लूजकडून परत आला. 1970 च्या अंतिम फेरीत एक फटका कपाळावर बसून त्याचा मास्क फुटला आणि तो बेशुद्ध पडला. मास्क नसता तर जीव गेला असता, असं त्याचं स्वतःचं मत होतं. पुढे त्याने गोलकीपिंगवर पुस्तक लिहिलं, मास्क बनवणारी कंपनीही काढली.

तुम्ही गोलमध्ये उभे राहणार असाल तर

- मास्क हॉकीसाठी बनवलेलाच घ्या आणि तो डोक्यावर हलता कामा नये. मान वळवली की मास्कही सोबत वळला पाहिजे.
- मास्क घालून खाली बघा. पायाजवळचा चेंडू दिसत नसेल तर साईज किंवा पट्टे बदला. ब्लेकची शंका अगदीच चुकीची नव्हती.
- तडा गेलेला मास्क वापरू नका. एकदा तडा गेला की पुढचा मार तो नीट पसरवू शकत नाही.
- बॉल हॉकीत बर्फ नसतो, बूट जमिनीला धरतात. घसरत जाता येत नाही, म्हणून गुडघे वाकवून छोटी-छोटी पावलं टाका.
- पुढे या, पण फटका बसायच्या आधी थांबा. चालता चालता बाजूला झेपावणं जड जातं.

प्लांट 27 फेब्रुवारी 1986 ला जिनिव्हामध्ये पोटाच्या कॅन्सरने गेला. तेव्हा क्विबेकमधला मुलांचा एक संघ स्पर्धेसाठी स्वित्झर्लंडमध्ये आला होता. प्लांटची शवपेटी चर्चबाहेर आली, तेव्हा या पोरांनी हॉकी स्टिक उंच धरून तिच्यासाठी कमान केली. मास्कशिवाय गोलमध्ये उभं राहायची वेळ त्यांच्या पिढीवर आलीच नव्हती.